सही पहाटे पाचला, युद्धबंदी अकराला: मधल्या सहा तासांचं काय?

गोदाकाठ (सोम, रात्री ९:१२)

मे महिन्यात लेकीकडे ब्रसेल्सला गेलो होतो. जावई म्हणाले, "बाबा, एक दिवस मॉन्सला जाऊ, तिथं एक वेगळं स्मशान आहे." सुट्टीत सासऱ्याला स्मशान दाखवणारा जावई मिळायला भाग्य लागतं. असो, गेलो.

सँ सिंफोरियँ नावाचं गाव. झाडीतलं, बागेसारखं लष्करी स्मशान. पहिल्या महायुद्धात, १९१४ साली, जर्मनांनीच ते सुरू केलं आणि आपल्या मेलेल्यांबरोबर इंग्रजांचेही तिथंच पुरले. एका दगडावर जॉन पार, २१ ऑगस्ट १९१४. त्या युद्धात मेलेला पहिला ब्रिटिश सैनिक. समोरच्या दगडावर जॉर्ज एलिसन, ११ नोव्हेंबर १९१८. शेवटचा. दोघांना समोरासमोर पुरायचं कुणी ठरवलेलं नव्हतं, ते तसं झालं. मधे गवत. मी चालून पाहिलं, दहाएक पावलं भरतात. ब्रिटनची सात लाखांहून जास्त माणसं या दहा पावलांत गेली.

एलिसन लीड्सचा, आधी कोळशाच्या खाणीत होता, चाळिशीचा गडी. १९१४ मध्ये याच मॉन्सला लढला, चार वर्षं जगला, आणि परत याच मॉन्सजवळ सकाळी साडेनऊला गोळी लागून गेला. तोवर कॉम्पिएन्यच्या जंगलात, दोस्तांचा सरसेनापती फॉश याच्या रेल्वेच्या डब्यात, युद्धबंदीवर सही होऊन चार तास उलटले होते. सही पहाटे पाचनंतर, अंमल अकरापासून. त्या एका दिवशी दोन्ही बाजू धरून सुमारे २,७०० माणसं मेली, जखमी-बेपत्ता धरले तर आकडा अकरा हजारांच्या घरात जातो.

प्रश्न सरळ आहे. समजा तुम्ही बटालियनचे प्रमुख आहात. सकाळी साडेसहाला तार हातात पडली, अकराला सगळं थांबणार. आणि सातला हल्ला करायचा कालचा हुकूम अजून रद्द झालेला नाही. काय कराल?

टकाटक (सोम, रात्री ९:१५)

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण ती दहा पावलं वाचून खाली ठेवले. वाचतोय.

रेल्वेबाबू (सोम, रात्री ९:५८)

काका, अकराची वेळ का ठेवली ते आधी बघू. आमची अख्खी नोकरी निरोप पोचवण्यात गेली. कंट्रोलने नोटीस काढली म्हणजे ती शेवटच्या गँगमनला कळली असं नसतं. त्यात शेकडो मैलांची आघाडी, गोळ्यांनी तुटलेल्या टेलिफोनच्या तारा, पुढच्या खंदकापर्यंत पळत जाणारा माणूस. 'सही झाली, आत्ता थांबा' म्हटलं असतं तर अर्धी आघाडी थांबली असती आणि अर्धी गोळ्या घालत राहिली असती. सहा तास हे निरोपाला लागणारे तास आहेत, त्यात दुष्टपणा शोधू नका.

पण आपल्याच माणसांना 'खड्ड्यात बसून राहा' हे सांगायला समोरच्याची परवानगी लागत नाही. ज्यांना तार मिळाली होती आणि तरी ज्यांनी हल्ले केले, त्यांना हे कारण पुरत नाही.

अनुस्वार (सोम, रात्री १०:४०)

रेल्वेबाबूंचा मुद्दा निम्मा पटला. सहा तासांची सोय कळते, पण त्याआधीच्या तीन दिवसांचं काय? जर्मन शिष्टमंडळ ८ नोव्हेंबरला डब्यात पोचलं. त्यांचा प्रमुख माथियास एर्झबर्गर. आल्याआल्या त्यानं विनवलं, बोलणी चालू आहेत तोवर तरी गोळीबार थांबवा. फॉश नाही म्हणाला. अटी मान्य करायला ७२ तास, तोवर लढाई चालू.

गंमत अशी (गंमत कसली), की याच फॉशने काही दिवस आधी अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचा दूत हाऊस याला सांगितलं होतं: मी लढायचं म्हणून लढत नाही, हवं ते तहानं मिळत असेल तर त्यानंतर रक्ताचा एक थेंबही सांडायचा कुणाला हक्क नाही.

आणि आता अमेरिकन बाजू. अमेरिकन सेनापती परशिंगच्या मुख्यालयातून सकाळी एवढंच कळवलं गेलं की अकराला युद्धबंदी. तोपर्यंत काय करायचं, त्यावर एक अक्षर नाही. मग ज्याची त्याची मर्जी. काही सेनाधिकारी गप्प बसले. ८९ व्या डिव्हिजनच्या जनरल राइटने मात्र स्तेने हे गाव घ्यायला माणसं पाठवली. कारण? त्याच्या कानावर आलं होतं की तिथं आंघोळीची चांगली सोय आहे, पोरं खूप दिवसांत नाहायली नाहीत. त्या पायी तीनशेहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. दोन-चार तास थांबला असता तर तेच गाव चालत जाऊन मिळालं असतं.

कोकणी मेवा (सोम, रात्री १०:५२)

आंघोळीसाठी???

अनुस्वार (सोम, रात्री १०:५५)

हो. आंघोळीसाठी.

हिशोबनीस (सोम, रात्री ११:२०)

तोफखान्यातल्या पुष्कळांनी त्या सकाळी उरलेला दारूगोळा उडवून टाकला, कारण परत कोण वाहणार. आपल्याकडे सरकारी खात्यात मार्च एंडला होतं तसं. बजेट लॅप्स व्हायला नको, चांगल्या फुटपाथच्या फरशा उखडा.

मीनाक्षी_ब (सोम, रात्री ११:३१)

हिशोबनीस, हसले आणि लगेच वाईट वाटलं. तो गोळा ज्याच्यावर पडला त्याला काय मार्च एंड?

हिशोबनीस (सोम, रात्री ११:३३)

ताई, मान्य. मी ऑडिटला होतो, असल्या उपमा आपोआप येतात. हलके घ्या.

करडा लांडगा (मंगळ, सकाळी ७:०५)

सगळे एकाच सुरात रडताय म्हणून उलटं लिहितो. परशिंग बरोबर होता. त्याला मुळात युद्धबंदीच नको होती, बिनशर्त शरणागती हवी होती. जर्मन सैन्य वाजतगाजत, बंदुकांसकट घरी गेलं आणि लोकांना वाटलं, आपण हरलोच नाही, घरच्यांनीच पाठीत सुरा खुपसला. सही केली म्हणून एर्झबर्गरला १९२१ साली गोळ्या घालून मारला. १९४० मध्ये तोच डबा त्याच जंगलात ओढून आणून हिटलरने फ्रान्सला सही करायला लावली. १९१८ मध्ये बर्लिनपर्यंत गेले असते तर दुसरं महायुद्ध झालंच नसतं. २,७०० कुठे आणि पाच-सहा कोटी कुठे?

अनुस्वार (मंगळ, सकाळी ९:४८)

लांडगेदादा, बर्लिनपर्यंत जाण्याबद्दल वाद घालता येईल. त्यात आणखी किती लाख मेले असते, हेही मग तुमच्याच वहीत मांडा. पण धागा त्याबद्दल नाहीये. परशिंगचं म्हणणं फेटाळलं गेलं होतं, तह झाला होता. त्यानंतर सकाळी दहाला नदीचा एक पूल घेऊन हिटलर कसा अडला असता?

करडा लांडगा (मंगळ, सकाळी १०:०२)

युद्धबंदी मोडली असती तर? तेव्हा पूल आपल्या हातात असलेला बरा. नंतर शहाणपण सगळ्यांनाच सुचतं.

रेल्वेबाबू (मंगळ, सकाळी १०:३०)

हा मुद्दा मात्र टाकाऊ नाही हो. त्या सकाळी कुणालाही खात्री नव्हती.

मीनाक्षी_ब (मंगळ, दुपारी १२:१५)

मॉन्स कॅनडाच्या सैन्याने आदल्या रात्री परत घेतलं. युद्धानंतर एका वृत्तपत्राने छापलं की त्यांचा सेनापती करी याने स्वतःच्या नावासाठी शेवटच्या घटकेला पोरं मारली. करीने १९२८ मध्ये अब्रुनुकसानीचा खटला भरला. मागितले ५० हजार डॉलर, जिंकला, मिळाले ५००. त्या निकालाचा अर्थ मी वकील असून मला अजून लागलेला नाही. तुमचं बरोबर आहे, पण एवढंच बरोबर आहे?

टकाटक (मंगळ, दुपारी १२:२०)

ज्युरीने 'सहमत, पण +१ नाही' दिलंय.

पाटलीणबाई (मंगळ, दुपारी ३:४४)

तुमचं सगळं फ्रान्सचं चाललंय. आमच्या सासरच्या गावात चावडीच्या भिंतीत एक दगड बसवलाय. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यातले इतके मेले. नावं नाहीत, नुसता आकडा. लग्न होऊन आले तेव्हा त्याच्यावर शेणाच्या गोवऱ्या थापलेल्या असायच्या. साताऱ्याकडं, कोकणात असे दगड बऱ्याच गावांत आहेत. अपशिंगे तर त्यासाठी प्रसिद्धच.

माझे आजेसासरे सांगायचे, की त्यांचा चुलता लढाईतून धडधाकट आला आणि घरी आल्यावर गेला. मानमोडीनं. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला आमच्याकडं मानमोडीच म्हणतात. लढाई संपायच्या महिन्यांतच ती साथ मुंबईच्या बंदरातून वर पसरली. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली म्हणतात. त्यांचा दगड कुठंच नाही.

फौजी_सातारकर (मंगळ, सायं. ६:१०)

पाटलीणबाई, नमस्कार. नातवाकडून टाइप करून घेतोय, चुका त्याच्या.

तो दगड मेसोपोटेमियातल्या (म्हणजे आजच्या इराकातल्या) माणसांचा असण्याचा संभव जास्त. आपले मराठे तिकडं पुष्कळ होते. तिथंही हीच कथा. ऑक्टोबर १९१८ च्या शेवटच्या आठवड्यात तैग्रिसच्या काठानं शरकतची लढाई झाली, ११४ मराठा पलटण त्यात होती. तुर्कांबरोबर बोलणी सुरू आहेत हे वरच्यांना ठाऊक होतं. युद्धबंदीच्या आधी जेवढं मॉसुलकडं सरकता येईल तेवढं सरकायचं, तेलाचा मामला. ३० तारखेला शरकतला तुर्क शरण आले, त्याच दिवशी मुद्रोस बंदरात तुर्कांबरोबरच्या युद्धबंदीवर सही. तरी फौज पुढं गेलीच आणि नोव्हेंबरमध्ये मॉसुल घेतलं. तिथं तर अकरा वाजल्यावरही घड्याळ चालू होतं म्हणा.

भूगोलमास्तर (मंगळ, सायं. ७:२६)

पूर्व आफ्रिकेत घड्याळच पोचलं नव्हतं. जर्मन सेनापती लेटो-फोरबेक १३ नोव्हेंबरपर्यंत लढत होता, त्याला बातमी मिळाली त्यानंतर. शस्त्रं खाली ठेवली ती २५ नोव्हेंबरला, आजच्या झांबियात. त्याचे पराक्रम सगळे वाचतात. दोन्ही बाजूंचं ओझं वाहणारे आफ्रिकी हमाल मात्र उपासमारीनं आणि आमांशानं मेले, एकट्या ब्रिटिश बाजूचेच लाखाच्या आसपास. पाटलीणबाईंच्या मानमोडीसारखे. तिथंही बहुतेकांच्या नावाचा दगड नाही.

अवांतर: शाळेत ११-११-११ पाठ करून घेतो तेव्हा हे सांगायला वेळ होत नाही.

कोकणी मेवा (मंगळ, रात्री ८:५०)

कुणीच 'नाही' म्हटलं नाही का? एवढ्या लाखांत?

अनुस्वार (मंगळ, रात्री ९:३०)

म्हटलं ना. आणि तेही जर्मनांनी. ऑक्टोबर संपताना जर्मन नौदलाच्या दर्यासारंगांनी ठरवलं की तह होण्याआधी सगळं आरमार बाहेर काढून ब्रिटिशांशी एक शेवटची टक्कर घ्यायची. जिंकण्यासाठी नव्हे, नौदलाची अब्रू राहावी म्हणून. विल्हेल्म्सहाफेनला खलाशांनी बोटी हलवायला नकार दिला. काही बोटींवर भट्ट्याच विझवल्या. त्यातल्या पकडलेल्यांना सोडवायला कीलमध्ये लोक रस्त्यावर आले, तिथून बंड शहराशहरात पसरलं आणि आठवड्याभरात जर्मन सम्राट कैसरला गादी सोडावी लागली.

भट्टी विझवणं मला फार आवडतं. भाषण नाही, झेंडा नाही. कोळसा टाकायचं बंद.

करडा लांडगा (मंगळ, रात्री ९:४१)

आपल्याकडे असं झालं असतं तर देशद्रोह म्हणाला असता.

अनुस्वार (मंगळ, रात्री ९:४४)

तिकडेही म्हणालेच की. पुढची वीस वर्षं म्हणत होते.

संपादक (मंगळ, रात्री ९:५०)

धाग्याचा काश्मीर होऊ देऊ नका ही विनंती.

हिशोबनीस (बुध, सकाळी ८:१५)

काल वाईट वाटलं म्हणून थोडं वाचलं. त्या सकाळी अमेरिकेच्या तोफांच्या एका तुकडीचा (बॅटरीचा) कॅप्टन पावणेअकरापर्यंत तोफा डागत होता. त्याचं नाव हॅरी ट्रूमन.

मार्च एंडची उपमा मागे घेतो.

मीनाक्षी_ब (बुध, सकाळी ८:४०)

अरे बापरे. म्हणजे तोच.

रेल्वेबाबू (बुध, सकाळी ९:२०)

तोच. १९४५ ला राष्ट्राध्यक्ष. आता धागा हिरोशिमाला जाणार, मला दिसतंय. जाऊ द्या, पण एकच स्टेशन घेऊन परत या.

भूगोलमास्तर (बुध, सकाळी १०:०५)

एकच घेतो. नागासाकीनंतरही बाँबवर्षाव थांबला नव्हता. १४ ऑगस्टला जपानने शरणागतीचं ठरवलं, त्याच रात्री बी-२९ विमानांनी कुमागाया जाळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला सम्राटाचं रेडिओवर भाषण. म्हणजे पुन्हा तेच, मधले काही तास.

टकाटक (बुध, सकाळी १०:३३)

क्योटो तर एका मंत्र्याचा तिथं हनिमून झाला होता म्हणून वाचलं ना?

अनुस्वार (बुध, सकाळी ११:१०)

हनिमूनची गोष्ट व्हॉट्सअॅपला गोड लागते. तो मंत्री म्हणजे अमेरिकेचा युद्धमंत्री स्टिमसन. त्याचं लग्न १८९३ चं, क्योटोला तो गेला १९२० च्या दशकात. शहर त्यानं पाहिलं होतं आणि अणुबाँबच्या यादीतून ते हट्टानं काढायला लावलं, हे खरं. पण क्योटो वाचलं म्हणजे यादीत दुसरं कुणीतरी वर सरकलं, हेही खरंच.

फौजी_सातारकर (बुध, दुपारी ४:३०)

दुसऱ्या युद्धाचं निघालंच आहे तर आपल्या नामदेव जाधवांचं घ्या. ९ एप्रिल १९४५, इटली, सेनिओ नदी. १/५ मराठा लाइट इन्फंट्री. खोल पाण्यातून, सुरुंगाच्या पट्ट्यातून दोन जखमींना एकेक करून मागं नेलं, मग परत जाऊन मशीनगनच्या चौक्या मोडल्या, आणि बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांची आरोळी ठोकून बाकीच्यांना पुढं बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस. इटलीत लढाई थांबली २ मे ला, म्हणजे तेवीस दिवसांनी. तेवीस दिवस आधीचा पराक्रम फुकट गेला का? मला तसं म्हणवत नाही. ज्या दोघांना त्यांनी उचलून नेलं त्यांना विचारा.

आता गोदाकाठांच्या प्रश्नावर. मी हा प्रकार स्वतः पाहिलाय. १९७१, शकरगडच्या बाजूला, मी तोफखान्यात बिनतारीवर. १६ डिसेंबरला रात्री ट्रान्झिस्टरवर ऐकलं, ढाका पडलं आणि पश्चिमेकडं उद्या रात्री आठला एकतर्फी युद्धबंदी. आम्हाला सहा नव्हे, चांगले चोवीस तास मिळाले. पाकिस्तान मानणार की नाही, ते कळायला दुसऱ्या दिवसाची दुपार उलटली.

त्या दिवशी आम्ही गोळे टाकले. हुकूम होता. समोरून येत होते, आम्ही टाकत होतो. कुठं पडले, कोण होतं, माहीत नाही. हिशोबनीस, तुमची उपमा तुम्ही मागं घेतली, मी तिच्यावर रागावलो नव्हतो.

पावणेआठनंतर खंदकात कुणी बोलेना. कुणी लघवीलासुद्धा उठलं नाही. एक नवा पोरगा चहाचा मग आणायला निघाला, आमच्या हवालदारानं त्याचा पट्टा धरून खाली बसवला, म्हणाला, "आठ वाजून दहाला पी." आठ वाजले. तोफा थांबल्या. तरी साडेनऊपर्यंत कुणी उठलं नाही. पोरगा बसल्या जागी झोपला, चहा राहिला तो राहिलाच.

मीनाक्षी_ब (बुध, दुपारी ४:५१)

🙏

कोकणी मेवा (बुध, सायं. ५:०२)

काका, दंडवत. नातवालाही एक चहा माझ्याकडून.

अनुस्वार (बुध, रात्री १०:१८)

काकांच्या चहावरून ओगुस्तँ त्रेब्युशाँ आठवला. फ्रान्सच्या डोंगराळ भागातला मेंढपाळ, पलटणीत निरोप्या. १९१४ पासून चार वर्षं पळत होता. ११ तारखेला सकाळी मूझ नदीकाठी, अकराला थोडा वेळ असताना गोळी लागली. हातातला निरोप होता: साडेअकराला जेवणासाठी जमायचं. सूप मिळेल.

त्याच्या क्रूसावर तारीख १० नोव्हेंबर आहे. तहाच्या दिवशी फ्रेंच माणूस मेला, हे सरकारला कागदावर नको होतं. त्याच्याबरोबर गेलेल्यांच्याही तारखा तशाच मागे सरकवल्या.

हल्ल्याचा हुकूम देणाऱ्याला एक वेळ समजून घेईन. कारकुनाला दुसऱ्या दिवशी बसवून तारीख खोडणाऱ्याला नाही.

हिशोबनीस (बुध, रात्री १०:४०)

ऑडिटमध्ये याला बॅकडेटिंग म्हणतात. आणि ते करणाऱ्याला नेहमी माहीत असतं की खरी तारीख काय आहे.

करडा लांडगा (गुरु, सकाळी ७:३०)

आता माझ्याकडूनही एक. शेवटचा अमेरिकन, हेन्री गुंथर. बाल्टिमोरचा, बँकेत कारकून, घराणं मूळचं जर्मन. मित्राला पत्रात लिहिलं की इथं हाल आहेत, भरती टाळ. सेन्सॉरनं पत्र पकडलं, सार्जंटचा शिपाई केला. त्याच्या तुकडीला युद्धबंदीची बातमी कळली होती. तरी १० वाजून ५९ मिनिटांनी तो एकटा संगीन लावून मशीनगनवर धावला. समोरचे जर्मन हात हलवून, मोडक्या इंग्रजीत 'मागं जा' म्हणून ओरडत होते. मग त्यांनी गोळी घातली. मेल्यावर सार्जंटचा हुद्दा परत मिळाला.

यात जनरल नाही, आंघोळ नाही, हुकूम नाही. कुणाला धरणार?

रेल्वेबाबू (गुरु, सकाळी ८:१२)

पत्र उघडणाऱ्याला धरावंसं वाटतं. पण ते तरी काय, नोकरी करत होते.

गोदाकाठ (गुरु, रात्री ९:०५)

तीन दिवस नुसतं वाचत होतो. प्रश्न मीच विचारला, तेव्हा माझं उत्तर देतो. मी म्हणालो असतो, सातच्या हल्ल्याचा हुकूम मला पोचलाच नाही. निरोप्या वाटेत चुकला. रेल्वेबाबू म्हणतात तसं त्या सकाळी निम्मे निरोप चुकतच होते, आणखी एक चुकला असता. साडेतीन-चार तास खंदकात बसायचं. पुढं चौकशी झाली तर झाली.

टकाटक (गुरु, रात्री ९:०९)

+१. निरोप्याला आधी सूप पाजून मग चुकवा.

फौजी_सातारकर (गुरु, रात्री ९:४०)

तुमचं मन चांगलं आहे साहेब. पण सातचा हल्ला तुमच्या एकट्याच्या पलटणीचा नसतो. तुमच्या उजवीकडच्या पलटणीला हुकूम मिळालाय. तुम्ही निघालाय असं धरून ते उठतील. त्यांची डावी बाजू उघडी पडेल आणि तुमच्या समोरची मशीनगन त्यांच्यावर वळेल. त्यांना काय कळवाल? हुकूम पोचला नाही, हे कळवायला हुकूम पोचलेला असावा लागतो.

गोदाकाठ (गुरु, रात्री ९:५८)

उजवीकडची पलटण माझ्या डोक्यातच आली नव्हती. आज राहू दे. उद्या लिहितो.